घरांतील यंत्रशाळा : दोष आज्ञावलीचा कीं सेलचा?

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या पुतण्यानें दोन चाकांचा एक छोटा रोबो तयार केला. पुढें भिंत आली कीं त्यानें आपण होऊन वळावें, अशी योजना होती. परंतु चाकें फिरूं लागतांच रोबोचा मेंदू, म्हणजे ‘आर्डुइनो ऊनो’ ही पट्टी, बंद पडे व पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. आज्ञावलींतच चूक असली पाहिजे, असें आम्हीं अधिकारवाणीनें सांगितलें. त्या बिचाऱ्यानें चार दिवस ती पुन्हां पुन्हां लिहून काढली.

पांचव्या दिवशीं त्यानें मोटरींच्या तारा सोडवून पाहिल्या, तों पट्टी बिनतक्रार चालूं लागली! मग आम्हीं तारा पुन्हां जोडून सेलच्या दोन्ही टोंकांस मल्टिमीटर लावला. मोटरी सुरू होतांच ९ व्होल्टांचा आंकडा झरकन् ६ च्या खालीं उतरला, आणि पट्टी बंद पडतांच पुन्हां वर चढला.

खालच्या चौकांतला नळ सोडला म्हणजे माडीवरचा आटतो, हा अनुभव पुष्कळ वाचकांस असेलच. येथेंही तेंच. मोटर सुरू होतांना नेहमींच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. लहान चौकोनी सेलच्या अंगीं स्वतःचा रोध असतो. तो २ ओहम व प्रवाह २ अँपियर धरला, तर ४ व्होल्ट सेलच्या पोटांतच खर्ची पडतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. पट्टीस या मार्गानें निदान ७ व्होल्ट हवेत.

उपाय सोपा आहे. मोटरींस ४ पेन्सिल-सेलांचा निराळा संच द्यावा. मात्र दोन्ही संचांचीं ऋण टोंकें एकमेकांस जोडावयास विसरूं नये, आणि धन टोंकें जोडूं नयेत. ऋण टोंकें सुटीं राहिलीं, तर पट्टीचा इशारा मोटरी चालविणाऱ्या मंडलास नीट पोंचत नाहीं. व्होल्ट मोजावयाचे ते मोटरी चालू असतांना. स्वस्थ पडलेला सेल अनेकदां भरलेलाच भासतो.

रोबो आतां भिंत चुकवून ओसरीवर हिंडतो. घरांतील मुलानें कांहीं बिघडल्याचें सांगितलें, तर वडील माणसांनीं आधीं मोजावें, मग बोलावें. हें आम्ही चार दिवस उशिरां शिकलों, आणि पुतण्याजवळ तसें कबूलही केलें.