आधी लॅपटॉपची ऐपत बघा

माझ्या लॅपटॉपची रॅम 4 जीबी. परवा सहावीची उर्दू प्रश्नपत्रिका टाइप करताना एकेक अक्षर अडखळत उमटू लागलं. टास्क मॅनेजर उघडला, तर फायली क्लाउडवर सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरनेच 1 जीबीहून जास्त मेमरी अडवली होती. ते प्रत्येक फाइलची नोंद ठेवतं, तिच्यातल्या बदलांवर सतत लक्ष ठेवतं. फायली वाढल्या की भारही वाढतो. माझ्याकडे तर दहा वर्षांचे हजेरीपट आणि फोटो! जुनी फोल्डरं क्लाउडवर तशीच ठेवून या लॅपटॉपवर त्यांचं सिंक बंद केलं. एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, कारण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं.

‘सगळं ऑनलाइन ठेवा’ म्हणणाऱ्यांनो, लॅपटॉप शिक्षकाच्या पगारातून आलेला असतो, एवढं लक्षात असू द्या.