दीर्घिकांचे जाळे आणि एक लाखांशाचा हिशेब

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किट पीक पर्वतावरील दुर्बिणीला जोडलेल्या 'डेसी' या उपकरणाचे तीन वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेले निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा जगभर गाजली ती कृष्ण ऊर्जा. विश्वाच्या प्रसरणाला गती देणारी ही ऊर्जा कालौघात क्षीण होत असावी, असा संकेत त्यातून मिळाला होता. या चर्चेत सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वेसार यांच्या त्या त्रिमितीय नकाशाने पुन्हा समोर ठेवलेला जुना प्रश्न मात्र मागे पडला. दीर्घिका अवकाशात सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्या लांबलचक तंतूंमध्ये ओवलेल्या आहेत, तंतूंच्या गाठींशी दाटल्या आहेत आणि मधल्या अफाट पोकळ्या जवळजवळ रित्या आहेत. हे जाळे आले कोठून?

पुण्यातील 'आयुका' व 'आयसर' येथील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने २०१७ मध्ये जाहीर केलेला 'सरस्वती' महासमूह ही अशीच एक गाठ आहे. पृथ्वीपासून सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या या महासमूहाचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे, तर वस्तुमान सूर्याच्या २ कोटी अब्ज पट आहे.

आरंभी असे काहीच नव्हते. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मुक्त झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. या प्रारणाच्या तापमानात जागोजागी किंचित फरक असल्याचे 'कोबे' उपग्रहाने १९९२ मध्ये दाखविले. हे फरक किती? एक लाखात एक भाग. या कामासाठी जॉर्ज स्मूट आणि जॉन मॅथर यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

खरी अडचण येथूनच सुरू होते. जेथे द्रव्य तसूभर अधिक, तेथे गुरुत्वाकर्षण अधिक. म्हणून तेथे आणखी द्रव्य ओढले जाते. परंतु विश्व प्रसरण पावत असल्याने ही वाढ संथ असते. विश्व जितके पट फुगते, साधारण तितकेच पट विषमता वाढते. त्या प्रकाशाच्या मुक्ततेपासून आजवर विश्व सुमारे अकराशे पट फुगले आहे. एक लाखांशाला अकराशेने गुणले तर हाती येतो जेमतेम एक शतांश. एवढ्या भांडवलावर दीर्घिका उभ्या राहत नाहीत, मग 'सरस्वती'ची गोष्टच सोडा.

ही तूट भरून काढते ते कृष्णद्रव्य. साधे द्रव्य तोवर प्रकाशाशी जखडलेले होते. त्याला गोळा होण्याची मुभाच नव्हती. प्रकाशाशी देणेघेणे नसलेले कृष्णद्रव्य मात्र आधीच साकळू लागले होते. प्रकाशाच्या तावडीतून सुटलेले साधे द्रव्य त्याने खणून ठेवलेल्या खड्ड्यांत ओघळले, असे म्हणता येईल. या हिशेबातून संगणकावर उभे केलेले जाळे आकाशातल्या जाळ्याशी चांगले जुळते. तरीही कृष्णद्रव्याचा एकही कण आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत निर्विवादपणे सापडलेला नाही, हे विसरून चालणार नाही.

त्या आरंभीच्या विषमतेचा उगम आणखी मागे, पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात झालेल्या 'इन्फ्लेशन' नामक प्रचंड प्रसरणात आणि त्याने ताणलेल्या क्वांटम स्पंदनांत असावा, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. त्याचा पुरावा मिळाल्याची घोषणा दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप-२' प्रयोगाने मार्च २०१४ मध्ये केली खरी. पण तो संकेत आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा असू शकतो, असे पुढल्याच वर्षी निष्पन्न झाले.

'वेब' दुर्बिणीने २०२३ मध्ये अशीच खळबळ उडविली. विश्व जेमतेम ५० ते ७० कोटी वर्षांचे असताना अपेक्षेहून कितीतरी अवजड दीर्घिका दिसल्या आणि महास्फोट सिद्धान्त मोडीत निघाल्याचे मथळे झळकले. नंतरच्या अभ्यासांत त्यांपैकी काहींचा प्रकाश कृष्णविवरांभोवतीच्या तप्त वायूचा असावा, असे दिसले. तारे अपेक्षेहून वेगाने जन्मले असणेही शक्य आहे. सिद्धान्ताला शह बसला, पण मात झाली नाही. अर्थात, महास्फोटावर आयुष्यभर शंका घेणारे डॉ. जयंत नारळीकर याच पुण्यातले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा पर्यायी सिद्धान्त बहुतेकांनी स्वीकारला नाही. अदृश्य घटकांवर विसंबून राहण्याबद्दलचा त्यांचा आक्षेप मात्र सहज झटकता येणारा नाही.

'डेसी'च्या संकेताचे महत्त्व येथे आहे. कृष्ण ऊर्जा जाळ्याच्या वाढीला खीळ घालते. तीच बदलत असेल, तर गेल्या काही अब्ज वर्षांतील वाढीचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. मात्र शोध म्हणून मान्यता मिळण्यास पाच 'सिग्मा' इतकी खात्री लागते. 'डेसी'च्या विविध विश्लेषणांत ती २.८ ते ४.२ दरम्यानच आहे. जुलै २०२३ मध्ये सोडलेली युरोपची 'युक्लिड' दुर्बीण याच जाळ्याची वाढ वेगळ्या मार्गाने, दीर्घिकांच्या प्रतिमांना आलेल्या सूक्ष्म वक्रतेवरून, मोजण्यासाठी पाठविलेली आहे.