ऑलिव्ह तेल : गुण कशात आहेत?

घरात कोणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला की भेटायला येणारी मंडळी हमखास सांगतात, "आता शेंगदाणा तेल बंद करा, ऑलिव्ह तेल आणा." भगिनींनो, महिन्याच्या खर्चाला कात्री लावून हा महागडा डबा आणण्यापूर्वी त्यात काय असते ते पाहू.

ऑलिव्ह म्हणजे जैतून. स्पेन, इटली, ग्रीस या भूमध्य समुद्राकाठच्या देशांत त्याच्या मोठ्या बागा आहेत. फळे दळून, रसायन न वापरता काढलेल्या सर्वात उत्तम तेलाला 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणतात. त्याची आम्लता ०.८ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

या तेलातील ५५ ते ८३ टक्के मेदाम्ले ओलेइक आम्ल या प्रकारची असतात. तूप व वनस्पती तूप कमी करून त्याजागी असे तेल वापरले, तर रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल उतरते. दुसरा गुण पॉलिफेनॉल द्रव्यांचा. ताजे तेल घशाला झोंबते ते त्यातील ओलिओकॅन्थलमुळे. हे द्रव्य आयबुप्रोफेन या सूज उतरवणाऱ्या औषधासारखे काम करते, असे २००५ साली शास्त्रज्ञांना आढळले.

स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर 'प्रेडिमेड' नावाचा मोठा अभ्यास झाला. २०१३ साली निष्कर्ष आले. गट पाडण्यात चुका निघाल्याने २०१८ साली ते दुरुस्त करून पुन्हा छापले गेले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. मात्र हे लोक भाज्या, फळे, कडधान्ये, मासेही खात होते. तेलाऐवजी अक्रोड-बदाम दिलेल्या गटालाही जवळपास तेवढाच लाभ झाला. तेव्हा सारे श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

आपल्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांवर पुष्कळदा 'पोमेस' लिहिलेले असते. हे तेल फळांच्या उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध करतात. त्यात ओलेइक आम्ल टिकते, पॉलिफेनॉल मात्र बहुतेक निघून जातात. आणि ओलेइक आम्ल तर आपल्या शेंगदाणा तेलातही साधारण निम्मे असते! मग पोमेससाठी जादा पैसे का मोजायचे?

ऐपत असेल तर गडद बाटलीतले एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या, उजेड व उष्णतेपासून दूर ठेवा, कोशिंबिरीवर घाला. नसेल तर शेंगदाणा तेलच वापरा, पण हात आखडून. कोणत्याही तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. जोडीला पालेभाजी, उसळ व मूठभर शेंगदाणे असू द्या. आणि तेल बदलले म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका.