नकाशातली छोटी गावं



इटली म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? रोम, पिसाचा कललेला मनोरा आणि हो, पिझ्झा! पण जरा विचार करा हं. मुंबईचा पाहुणा येतो, माथेरान बघतो, वडापाव खातो आणि परतीची गाडी पकडतो. त्याला कर्जत-खालापूर कळलं असं तुम्ही म्हणाल का? वाडीवर आवणी कशी चालते, दिवाळीनंतर कोणती घरं बंद करून माणसं वीटभट्टीवर जातात, हे त्याला कुठे ठाऊक असतं? म्हणून आज आपण इटलीतली तीन छोटी गावं पाहू या.

पहिलं गाव कोल्लोदी. कार्लो लोरेन्झिनी या लेखकाच्या आईचं हे गाव. त्याने लिहिताना गावाचंच नाव घेतलं. १८८१ साली मुलांच्या एका साप्ताहिकात, म्हणजे तुमच्या हातात आहे तशाच अंकात बरं का, त्याची पिनोकिओची गोष्ट सुरू झाली. पंधराव्या प्रकरणात त्याने पिनोकिओला झाडाला टांगलं आणि गोष्ट संपवली! वाचक मुलं काही गप्प बसेनात. मग त्याला पुढे लिहावंच लागलं. १८८३ मध्ये पुस्तक निघालं. पिनोकिओचं लांब नाक सगळ्यांना माहीत असतं. पण पुस्तकात जेपेत्तो नावाचा म्हातारा थंडीच्या दिवसांत अंगावरचा कोट विकून मुलासाठी अंकलिपी आणतो. आणि पोरगं ती विकून बाहुल्यांचा खेळ बघायला जातं! तेव्हाच्या इटलीतली गरिबी आणि शाळेची ओढ त्या एका कोटात दिसते.

दुसरं गाव बार्बियाना. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातली थोडी विखुरलेली घरं, बस्स. १९५४ साली लोरेन्झो मिलानी नावाचे पाद्री तिथे आले. शेतकऱ्यांची मुलं नापास होऊन घरी बसत. मिलानींनी त्यांच्यासाठी शाळा काढली. सुट्टी नाही! मोठी मुलं लहानांना शिकवत. इथल्या आठ मुलांनी मिळून, नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तक लिहिलं. ते १९६७ साली आलं आणि त्याच वर्षी मिलानी वारले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आलं आहे. मुलांचं म्हणणं सरळ आहे: निरोग्यांना ठेवून घेणारं आणि आजाऱ्यांना परत पाठवणारं इस्पितळ काय कामाचं? शाळाही तशीच वागली तर?

मी शिक्षिका आहे, तेव्हा हा प्रश्न मलाही विचारलेला आहे. भट्टीवरून चार महिन्यांनी परतलेलं पोर वर्गात मागच्या रांगेत गप्प बसतं, तेव्हा तो कर्जतचाच प्रश्न होतो.

तिसरं गाव मोन्तोने. तिथे तर चक्क आपल्या रायगडचं नाव आहे! माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि मग शत्रूच्या गोळीने पडले. वय अवघं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोन्तोनेत त्यांच्या नावाने स्मारक उभं राहिलं. कसलं, सांगा पाहू? पुतळा नव्हे, सूर्यघड्याळ! त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

आता तुमचं काम. नकाशाचं पुस्तक काढा आणि फ्लॉरेन्स, टायबर नदी शोधा. मग आपल्या गावाबद्दल असं एक पान लिहा, जे माथेरान बघून गेलेल्या पाहुण्याला माहीत नसेल. आणि वर्गात भट्टीवरून परतलेलं कुणी असेल, तर बार्बियानाच्या मुलांसारखं त्याच्या शेजारी बसून बुडालेले धडे वाचा. पालकांनो, एक पाटी-पुस्तक जास्तीचं द्याल ना?

तुमच्या बाई