आपल्या वस्तीची आरोग्य-वही

सर्वेक्षणवाले वस्तीत येतात. घरात माणसे किती, संडास आहे का, पाणी कुठले, एवढे विचारून सही घेऊन जातात. त्या कागदांचे पुढे काय झाले, हे वस्तीला कोणी सांगत नाही. आम्ही म्हणतो, प्रश्न वस्तीनेच ठरवावा आणि उत्तरही वस्तीत परत यावे.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के बायकांची. हे १९८९ साली छापून आले. कोणी विचारलेच नव्हते, म्हणून दुखणे अंगावरच काढले जात होते. पुढे त्या जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावच्याच बायका शिकल्या, घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेऊ लागल्या, जन्म-मृत्यू लिहू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते, त्यामागे हेच काम आहे.

मग पेण-रोह्यात का नको? पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. टँकर किती दिवसांनी आला आणि त्या आठवड्यात किती घरांत जुलाब झाले, हे कोणी एकत्र लिहिले आहे का? रोह्यात धाटावच्या रासायनिक कारखान्यांजवळ दमा-खोकला कोणाला, कोणत्या महिन्यात होतो?

महिला मंडळाने एक वही घालावी. तारीख, वय, त्रास, पाणी कुठले, दवाखान्यात काय झाले, एवढेच लिहावे. नाव लिहू नये. कोणाचा टीबी किंवा पाळीचा त्रास चव्हाट्यावर येता कामा नये. दर पौर्णिमेला विहारात फक्त बेरीज वाचावी आणि तीच ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत लेखी द्यावी, पोच घ्यावी. दोन-तीन घरांत एकदम जुलाब लागले, तर वही बाजूला ठेवून लगेच आरोग्य केंद्राला कळवावे.

बाहेरचे संशोधक आले, तर त्यांना विचारा: कशासाठी, माहिती कोणाकडे जाणार, आम्हाला कधी सांगणार? आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा आपल्याला हक्क आहे. आपली बेरीज आपल्या हातात असली, तर साहेबांसमोर तोंडी गाऱ्हाणे घालत बसावे लागत नाही.