शिवारात तास कधी भरणार?

आमच्या गावच्या हायस्कुलाची सहल यंदाही वॉटर पार्कला गेली. डोकशी बाराशे रुपये. मार्च उजाडला की ज्या गावात टँकरसाठी घागरींची रांग लागते, त्या गावची पोरं रात्रभर बसनं जाऊन पाण्यात घसरगुंडी खेळून आली. खेळू द्या. खेळायच्या वयात खेळलंच पाहिजे, माझं भांडण घसरगुंडीशी नाही. पोरं वर्षातनं एकदा शाळेबाहेर निघतात आणि कागदावर तिला ‘शैक्षणिक सहल’ म्हणतात. त्या ‘शैक्षणिक’ शब्दाशी माझं भांडण आहे.

शाळेच्या कंपाउंडला लागून ओढा आहे. ओढ्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, पलीकडं गायरान. पाचवीपर्यंत पोरांना निदान ‘परिसर अभ्यास’ नावाचं पुस्तक तरी असतं. पुढं परिसर पुस्तकातनंही जातो. आठवी ते दहावी हे खरं समज यायचं वय, आणि त्याच वयात शिवाराचं दार बंद. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना शिकवा असं लिहिलंय. ते दहा दिवस आमच्या गावात अजून काही उजाडलेले नाहीत.

आता बाहेर नेऊन शिकवायचं काय, असं विचारणारे आहेत. मी दहावीपर्यंतच शिकलेला माणूस, तरी सांगतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे २५ मिलिमीटरचा एक पाऊस एका एकरावर लाखभर लिटर पाणी टाकून जातो. हे शिकायला सरळ कडेचा डबा, एक पट्टी आणि पावसाळा लागतो. डबा-पट्टी कुणाच्याही घरी आहे, पावसाळ्याचं कमी-जास्त चालतं. मग तीच पोरं ओढ्यावर न्या आणि विचारा, हे लाख लिटर गेलं कुठं? बांध कुठं फुटला, गाळ कुठं बसला, बंधाऱ्याच्या वरच्या विहिरीला किती परस पाणी आलं आन् खालच्या विहिरीला किती? हा भूगोल झाला, विज्ञान झालं, आणि गावातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथंच असल्यानं नागरिकशास्त्रही झालं.

गणिताचंही तेच. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारावर हेक्टर-आर, बापाच्या तोंडात एकर-गुंठे. शेकडा नव्वद मार्क पाडणारं पोरगं मोजणीच्या दिवशी बापाशेजारी मुक्यानं उभं राहतं, त्याला दोन्हींचा मेळ लावता येत नाही. तिकडं गवंडी सुतळीवर तीन-चार-पाचची खूण करून पायाचा काटकोन धरतो. त्यानं पायथागोरसचं नाव ऐकलेलं नाही, आन् ज्यानं प्रमेय पाठ केलंय त्यानं सुतळी धरलेली नाही.

आणि पोरींचं तर विचारूच नका. आईबरोबर खुरपायला जाणारी नववीतली पोर हरळी, कुंदा, लव्हाळा, पाथरी, तांदुळजा, चिघळ सगळं पानावरनं ओळखते. त्यातलं कुठलं भाजीला चालतं, कुठलं मुळासकट काढलं नाही तर पुन्हा उठतं, हेही तिला कळतं. पण विज्ञानाच्या पेपरात याला अर्धा मार्क नाही. उलट मागच्या बाकावर बसवून तिला ऐकवायचं, ‘अभ्यास कर, नाहीतर शेण काढशील.’ ज्या शेणावर अख्खं शिवार उभं आहे, त्याची शिव्यांत भरती करायची आणि वर शेतकरी अन्नदाता म्हणून निबंध लिहायला लावायचा!

पालक म्हणतात, रानात तर आमची पोरं घरीच राबतात, शाळेनं आणखी कशाला न्यायचं? राबतात खरं. पण घरात ‘कर’ म्हणून सांगतात, ‘का’ ते सांगत नाहीत. माझे वडील म्हणायचे, मुगावर ज्वारी जोमदार येते. का येते ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुळांवरच्या गाठी आणि त्यांतले नत्र धरणारे जिवाणू पुस्तकात आहेत. श्रावणात मुगाचं एक रोप हलक्या हातानं उपटून या दोन गोष्टी जोडून देणारा माणूस फक्त मास्तरच असू शकतो. ते मास्तर म्हणतात, साप-विंचवाची जबाबदारी कोण घेणार? रात्रीच्या बसची जबाबदारी चालते, ओढ्यापर्यंतची दहा मिनिटं चालत नाहीत. निवडणुका आणि नाना सर्वेक्षणांनी मास्तर पिचलाय हे मला दिसतं. तो राग त्यांनी वर काढावा, पोरांवर नको.

एक मात्र आधीच सांगतो. पूर्वी काही ठिकाणी पोरांना कुणाच्या तरी शेंगा तोडायला न्यायचे आन् त्याला कार्यानुभव म्हणायचे. ती फुकटची मजुरी होती, ती मला नको.

हे होत नाही असं कुणी म्हणू नये. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानं १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हातानं काम करत शिकायचं, गावाला लागतं ते करून शिकायचं, हे त्यांचं सूत्र. त्यातनं आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला, सरकारनं त्याला मान्यता दिली. शेती, ऊर्जा, घर-आरोग्य, यंत्रकाम, आठवड्यातला एक दिवस. पाबळ काही परदेशात नाही.

शाळा समितीच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा एका सदस्यानं विचारलं, हे परीक्षेत येतं का? येत नाही, म्हणूनच मागतोय. जून ते फेब्रुवारी, दर शनिवारची सकाळ शिवारात भरवा, आणि सहामाही-वार्षिकला त्याचे दहा-दहा गुण धरा. माझं ओढ्याकडचं रान यायला मोकळं आहे. ज्वारी हुरड्यात असताना पोरांनी बांधावरनं चालावं, एवढं मास्तरांनी बघावं.