रंगमंचाच्या पायऱ्या

मार्गळी, म्हणजे मराठी पंचांगातला धनुर्मास, लागला की चेन्नईतील सभागृहांत घुंगरांचा नाद घुमू लागतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी चाकाच्या खुर्चीवरून नृत्य करणाऱ्या तरुणीला चौघांनी खुर्चीसकट उचलून रंगमंचावर ठेवले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. सेवेत असताना अशाच एका सभागृहाच्या आराखड्यावर मी सही केली होती. प्रेक्षागृहाला रॅम्प होता, रंगमंचाला मात्र केवळ पायऱ्या. दिव्यांग व्यक्ती पाहायला येईल हे मला सुचले. सादर करायला येईल हे सुचले नाही.

मैदानावर हा विचार फार आधी झाला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, स्टोक मँडेव्हिल येथे सोळा जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्या स्पर्धा झाली. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर जलतरणात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक विजेते ठरले. २०१६ मध्ये सेलमच्या मरियप्पन थंगवेलूने रिओत उंच उडीचे सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारताची पदके चार होती. टोकियोत ती १९ झाली आणि २०२४ मध्ये पॅरिसला २९.

या प्रगतीमागे निधी आणि प्रशिक्षण आहे, तसेच वर्गीकरणही आहे. साधारण सारख्या मर्यादा असलेले खेळाडू एकमेकांशी लढतात, म्हणून निकाल कौशल्याचा लागतो, दयेचा नव्हे. आपल्या नृत्यस्पर्धांत अशी व्यवस्था सहसा नसते. गुण पदन्यासाला आणि अरैमंडीला; मग खुर्चीवरील नर्तकीच्या वाट्याला स्पर्धा नव्हे, ‘विशेष सादरीकरण’ येते. १९८१ च्या अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या. ती कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. पण चमत्काराच्या भरवशावर धोरण चालत नाही.

वेगळा वर्ग म्हणजे वेगळा कोपरा, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर जागतिक पॅरा नृत्यक्रीडेत सापडते. तिथे एकट्याने, दोन खुर्च्यांनी, तसेच खुर्चीवरील आणि उभ्या जोडीदाराने मिळून स्पर्धा होतात. या शेवटच्या प्रकारात दोघांची परीक्षा एक जोडी म्हणूनच होते. दर्जा खाली येत नाही; काय मोजायचे, ते फक्त नव्याने ठरते.

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ व ३० मध्ये संस्कृती आणि क्रीडा यांतील सहभागाची जबाबदारी शासनावर आहे. सुगम्यतेची किमान मानके ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. आता शासनाने तीन गोष्टी कराव्यात. रंगमंच आणि रंगभूषा-कक्ष सुगम असल्याखेरीज सभागृहाला अनुदान देऊ नये. शासकीय युवा महोत्सवांत संमिश्र जोडीचा नृत्यप्रकार सुरू करावा. परीक्षकांत दिव्यांग कलावंत असावेत.

देखभालीची तरतूदही हवी. मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चाकाच्या खुर्च्यांसाठी लाकडी मार्ग खुला झाला. पंधरवड्याच्या आतच मांडूस वादळाने त्याची हानी केली. पुढे तो दुरुस्त झाला. उद्घाटनाइतकीच ही दुरुस्तीही महत्त्वाची आहे.

माझी ती सही आता मागे घेता येत नाही. पण आज कुणाच्या तरी मेजावर नव्या सभागृहाचा आराखडा असेल. सही करण्यापूर्वी त्यांनी रंगमंचाच्या पायऱ्या एकदा मोजाव्यात.